चौदा नंबरचं पाणी

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नव्या कोलारीच्या अंगणवाडीसमोर सत्तावीस लाकडी बैल रांगेत उभे होते आणि त्यांचे चिमुरडे मालक एकमेकांच्या बैलांची शिंगं ओढत होते. श्रुतिकाच्या जुईचा बैल उंचीला सगळ्यांत कमी, पण थाट मोठा. आजोबांनी त्याला डंपरच्या जुन्या सीटकव्हरची लाल झूल शिवून दिली होती. बक्षीस म्हणून प्रत्येकाला बिस्किटाचा पुडा मिळाला, बिस्किटांनी घसे कोरडे पडले आणि सगळी फौज नळाकडे धावली.

नळाखाली श्रुतिका बाटली धरून उभी होती. तिला आज सुट्टी होती. पण खाणकंपनीच्या जलकक्षात काम करणाऱ्या बाईची सुट्टी ती कसली. पिशवीत डबा नसेल एक वेळ, वाचक असतोच. वाचक म्हणजे टॉर्चएवढं यंत्र. त्यात चमचाभर पाणी ओतायचं आणि चार मिनिटं थांबायचं; पाण्यात खूणकण असतील तर त्यांचा नंबर काचेवर उमटतो. अंगणवाडीचा बोअरवेलचा नळ तपासणीच्या यादीत नव्हता. यादीत सहा विहिरी होत्या आणि त्या कंपनीने निवडल्या होत्या. पण ज्येष्ठापासून जुईचं पोट धड नव्हतं, शेजारच्या पोरांचंही नव्हतं, आणि अंगणवाडीच्या टाकीला आतून गंजासारखा तांबडा थर धरत होता. डॉक्टर म्हणत होते व्हायरल आहे. किती महिने व्हायरल?

वाचकाच्या काचेवर आकडा उमटला. १४.

तिने नळी धुतली, दुसरं पाणी घेतलं. १४. तिसऱ्यांदा १४.

"जुई, थांब!"

जुईच्या ओठाला ग्लास लागलेला. श्रुतिकाने फटका मारून तो उडवला. ग्लास सिमेंटवर खणखणत गेला आणि जुईने भोकाड पसरलं.

"अवो, सणाच्या दिवशी लेकराले कायले मारता?" सेविका ओरडली. "पाणीच तर पिऊन राहिली ते!"

"कोणीच पिऊ नका," श्रुतिका म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "नळ बंद करा. एकालाही पिऊ देऊ नका."

चौदा नंबर हे एका जागेचं नाव होतं. अंगणवाडीच्या मागे जो हिरवागार डोंगर दिसतो, तो देवाने केलेला नाही. कोळसा काढायचा म्हणजे आधी त्याच्यावरची माती, दगड, सगळं उपसून बाजूला टाकावं लागतं; खाणीतले लोक त्याला ओबी म्हणतात. वीस वर्षं टाकलेल्या ओबीचा हा डोंगर. खाण संपल्यावर कंपनीने त्याला पायऱ्या पाडल्या, बांबू लावले, गवत पेरलं, खड्ड्यात साचलेल्या निळ्या पाण्यात पॅडलच्या होड्या सोडल्या आणि फाटकावर पाटी लावली: 'येथे नंदनवन फुलले आहे.' या डोंगराच्या पूर्वेच्या तिसऱ्या पायरीवर, गवताखाली, काळ्या शेलचा ढीग आहे. कोळशाच्या थरांमधून निघणारा हा खडक दिसायला गरीब, पण त्यात गंधकाची पिवळी खनिजं असतात. हवा आणि पाणी मिळालं की त्यांचं आम्ल होतं. ते आम्ल दगडातलं लोखंड, मँगनीज, जे सापडेल ते विरघळवून खाली घेऊन जातं. मँगनीज बरेच दिवस पोटात गेलं तर लहान मुलांच्या शिकण्यावर, आठवण ठेवण्यावर परिणाम होतो. ती शेलची जागा, चौदा नंबर.

आणि खूणकण? तो या दशकातला शोध. डीएनएची एक इवलीशी लड घ्यायची, तिच्यातली अक्षरं आपल्याला हवी तशी ओवायची आणि ती सिलिकाच्या, म्हणजे काचेच्या जातीच्या कवचात बंद करायची. असे अब्जावधी कण मूठभर पुडीत मावतात. प्रत्येक जागेसाठी अक्षरांचा क्रम वेगळा. कण पाण्याबरोबर जातात, विरघळत नाहीत, कुणाला बाधत नाहीत, आणि पुढे जिथे सापडतील तिथे आपला पत्ता सांगतात. पूर्वी जमिनीखालचं पाणी कुठून कुठे जातं हे अंदाजाने ठरवायचे. आता पाण्यालाच वाचा फुटली होती. म्हणून नियमही नवा आला: खाण बंद झाल्याचा दाखला हवा असेल तर कण टाकून सिद्ध करा की डोंगराचं पाणी गावच्या पिण्यात उतरत नाही. सिद्ध झालं, तर डोंगर, तळं, पाणी सगळं ग्रामपंचायतीच्या गळ्यात आणि कंपनी मोकळी. नाही झालं, तर गळती बुजवायची आणि तोवर गावाला नदीचं शुद्ध पाणी पुरवायचं.

चौदा नंबरवरचे कण श्रुतिकाने स्वतःच्या हातांनी पेरले होते. कंपनीच्या संगणकाने हिशेब केला होता की तिथलं पाणी गावापर्यंत यायला सत्तर वर्षं लागतील.

कण टाकून सात आठवडे झाले होते.

*

"बेटा, बस आधी," खंडाळकर साहेब म्हणाले. ते कंपनीच्या पर्यावरण विभागाचे प्रमुख. गोड बोलणारा माणूस. त्यांचा आवाज चढलेला श्रुतिकाने कधी ऐकला नव्हता, आणि आज पहिल्यांदा तिला त्याचीच भीती वाटली. "चौदा नंबरवर शेवटची कधी गेली होतीस?"

"गेल्या सोमवारी."

"आणि तिथून घरी. घरी गेल्यावर पोरीला उचलून घेतलंस?"

श्रुतिकाचा हात ओढणीकडे गेला.

"घेतलंच असणार. आई आहेस." साहेब हसले. "कण किती बारीक, हे मी तुला सांगायला नको. तुझ्या ओढणीला लागले, ओढणीचे पोरीला, पोरीचे हात नळाला. वाचकाला शंभर कण पुरतात. तू पाण्यात सापडलेलं नाही मोजलंस, बेटा. तू स्वतःलाच मोजलंस."

"टाकीचंही पाणी घेतलं मी, सर. टाकीच्या आतलं."

"टाकी कुणी उघडली?"

तिनेच उघडली होती.

"बघ. आता हे घेऊन शुक्रवारी दाखल्याच्या जनसुनावणीत उभी राहिलीस तर भूजल विभागाच्या ठेंगणे मॅडम पहिला प्रश्न हाच विचारतील. गावातच राहणारी, गावातच पोर असलेली तंत्रज्ञ. तुझंच हसं होईल. सहा विहिरींचे आकडे स्वच्छ आहेत, तेच जाऊ देत. तू शुक्रवारपर्यंत सुट्टी घे. सणाचे दिवस आहेत."

ती बाहेर आली तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती. साहेब खोटं बोलले असते तर राग सोपा होता. पण त्या सोमवारी ती डोंगरावरून आली होती, बूटही काढले नव्हते, आणि जुई धावत येऊन तिच्या कमरेला बिलगली होती. तिने तिला उचलून गालाचा पापा घेतला होता. आता त्या मिठीवरही साहेबांनी बोट ठेवलं होतं. आपल्या लेकराला जवळ घेतलं, हा पुरावा तिच्याविरुद्ध. चिडून तिने स्कूटरला इतक्या जोरात लाथ घातली की बटणावर चालू होणारी ती बिचारी स्कूटर आडवी झाली.

रस्ताभर ती स्वतःशी भांडत आली. पाण्याने आणले की मी आणले? हे ठरवायचं तर एकच उपाय होता. पाणी आलं असेल तर त्याला वाट असणार. ती वाट शोधायची आणि जिथे आपलं पाऊल कधी पडलं नाही, अशा जागी तिला गाठायचं.

पण ओबीच्या डोंगरात वाट कुठली?

*

तिचा नवरा पवनचक्क्यांच्या कामावर गुजरातेत होता, महिन्याने घरी यायचा. म्हणून श्रुतिका वडिलांजवळ राहायची. देवाजी पिदूरकर, बावीस वर्षं कोलारी खाणीत डंपर ऑपरेटर. संध्याकाळच्या उन्हात ते अंगणात बसून जुईच्या बैलाचं निखळलेलं चाक बसवत होते. जुई त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकून सूचना देत होती.

श्रुतिकाने त्यांच्यासमोर नकाशा पसरला. "बाबा, संगणक म्हणते हा डोंगर आतून सगळा सारखा आहे. वाळूच्या पोत्यासारखा."

"कोणाचा संगणक?" देवाजी नाकातून हसले. "तेनं कधी डंपर रिकामा करताना पाह्यला का? वरच्या काठावरून माल ढकलला का मोठे धोंडे गडगडत पार तळाले जातात. मधला माल मधात. बारीक माती वरच्या वर राह्यते. दरवेळी असंच. आता वीस वर्षं ढकलल्यावर तळाशी काय असन?"

"धोंडे."

"आन धोंड्याधोंड्यात?"

"फट." श्रुतिकाने नकाशावर हात आपटला. "फटच फट! पाणी झिरपत नाही बाबा, पाणी धावते तिथून." मग ती थांबली. "पण मग ते सगळीकडे पसरलं पाहिजे. अंगणवाडीच्या बोअरमध्येच का आलं? आपला जुना उमरी नाला होता ना, तो या डोंगराखाली कुठून जात होता?"

देवाजींनी चाक खाली ठेवलं. "जुई, आत जाऊन पाणी आण बरं माय."

"माठातलं आण, विकतचं," श्रुतिका म्हणाली. जुई गेली. देवाजी तिच्या पाठीकडे पाहत राहिले.

"बाबा."

"नाल्याच्या काठी मातामाय होती," ते शेवटी म्हणाले. "तुले आठवते का? निंबाखाली. तेथून झरा निंगे. गाव उठवलं तवा पुजारी तिले नव्या गावात घेऊन आला, पण जागा तर तीच ना. जागा थोडी उचलता येते. अन् मंग ऑर्डर आली का नाल्यावर ओबी टाका."

"हो, पण आधी नाल्यात तीन मीटर चिकणमातीचा थर दिला होता. दाबून. कागदावर आहे."

"कागदावर असन." देवाजींनी तिच्याकडे पाहिलं. "मातीची एक ट्रिप नाई निंगाली, बाई. एक. आमीच तर गाड्या चालवत होतो. शिफ्टचा सायेब म्हणे टाका डायरेक, पाऊस आला का डंपरचा हॉल रोड बंद होईन. आमी सहा जण होतो त्या शिफ्टले, सहाच्या सहा कोलारीचे. मातामायच्या तोंडात माती कोंबाची का आमी? मंग आमी ठरवलं. माल भरणाऱ्या शॉवेलवाल्याले सांगून मोठे मोठे धोंडे निवडून घेतले. नाल्यात नुसते धोंडेच टाकले, झऱ्यापासून पार वाकणापर्यंत. बारीक माल टाकलाच नाई. डोजरही फिरवू नाई देला. तिले श्वास घेता आला पायजे म्हणून."

श्रुतिकाने नकाशा स्वतःकडे ओढला.

"म्हणजे तुम्ही चाळीस मीटर ओबीखाली पाइप बांधून ठेवला," श्रुतिका म्हणाली. "शेलच्या ढिगापासून माझ्या पोरीच्या नळापर्यंत."

"आमाले का माहीत होतं वर शेल टाकतीन म्हणून!"

"पंधरा वर्षं बोलला नाही तुम्ही! तिचं पोट बिघडून राहिलं ज्येष्ठापासून, तुम्ही तिला ओव्याचं पाणी देऊन राहिले अन् एक शब्द नाही!"

"तवा बोललो असतो तर नोकरी गेली असती सहाईची. अन् मंग..." देवाजींचा आवाज खाली गेला. "मंग वाटलं, चांगलंच तर केलं आपण."

जुई दोन्ही हातांनी तांब्या धरून आली. अर्धं पाणी फ्रॉकवर सांडलेलं. आई रडते आहे की रागावली आहे हे तिला कळेना, म्हणून तिने तांब्या मधोमध ठेवला आणि दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिली.

देवाजींनी पेन्सिल उचलली. नकाशावर एक वाकडीतिकडी रेघ ओढली; ती कुठेही अडखळली नाही. झरा, निंब, नाल्याचं वाकण, वाकणाला लागून एक ठिपका, आणि तिथून पुढे अंगणवाडीकडे.

"पेंदोरची विहीर. कुंपणात गेली तवापासून कुलूप आहे. नाला तिच्या कुशीतून जाये. पाणी आलं असन तर तेथून आलं असन."

श्रुतिकाने ठिपक्याकडे पाहिलं. गाव सोडलं तेव्हा ती दहा वर्षांची होती. विहिरीभोवतीच्या त्या कुंपणाच्या आत ती त्यानंतर कधी गेली नव्हती.

"शुक्रवारी हे सगळ्यांसमोर सांगावं लागेल, बाबा. तुमच्या नावाने."

"ते आमालेच फासावर देतीन."

"हो," ती म्हणाली. त्यांना खोटा धीर देण्याइतकी माया त्या घडीला तिच्याजवळ नव्हती.

*

जनसुनावणी समाजमंदिरात होती. व्यासपीठावर भूजल विभागाच्या ठेंगणे मॅडम, शेजारी खंडाळकर साहेब, मागे पडद्यावर निळं तळं आणि होड्या. सहा विहिरींचे स्वच्छ आकडे वाचून झाले. मॅडमनी दाखल्याचा कागद पुढे ओढला आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, कुणाला काही म्हणायचंय का.

श्रुतिका उभी राहिली. अंगणवाडीच्या नळाची गोष्ट तिने तीन वाक्यांत सांगितली.

"मॅडम, या आमच्याच तंत्रज्ञ," साहेब हळुवार म्हणाले. "यांच्या कपड्यांवरून कण गेले असावेत, हे यांना समजावलं होतं. लहान मूल आहे घरी. आपण समजू शकतो."

"समजू नका," श्रुतिका म्हणाली. "तपासा. मी जागेवरून हलत नाही. मॅडम, तुमच्या माणसांनी, तुमच्या बाटलीत, तुमच्या वाचकाने पेंदोरच्या विहिरीचं पाणी घ्यावं. पंधरा वर्षं कुलूप आहे, किल्ली कंपनीकडेच. मी आज लिहून देते: चौदा नंबर निघेल. आणि अंगणवाडीपेक्षा जास्त निघेल, कारण विहीर डोंगराच्या जवळ आहे. नाही निघालं तर माझी नोकरी घ्या आणि दाखला द्या."

ठेंगणे मॅडम स्वतः गेल्या. कुलूप गंजलेलं, ते तोडावं लागलं म्हणे. पाऊण तासाने त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या साडीला कुसळं चिकटली होती. वाचक त्यांनी टेबलावर ठेवला, काच लोकांकडे करून.

१४. खाली कणांची संख्या. अंगणवाडीच्या चाळीसपट.

समाजमंदिरात एकच गलका झाला. खंडाळकर साहेबांनी चष्मा पुसला. "असं व्हायचं कारणच नाही. नाल्यावर चिकणमातीचा थर आहे."

"नाई सायेब," मागून आवाज आला.

देवाजी पिदूरकर उठले होते. सणाला घातलेला पांढरा सदरा, हातात टोपी. त्यांनी सगळं सांगितलं. मातामाय, सहा डंपर, धोंडे. सांगताना ते व्यासपीठाकडे नव्हे, श्रुतिकाकडे पाहत होते. त्यांच्यामागे नत्थू कुळमेथे उभे राहिले, "मी बी होतो," एवढंच म्हणाले. त्या शिफ्टमधले तिसरे हयात ऑपरेटर भिंतीशी बसले होते. ते खाली पाहत राहिले आणि उठले नाहीत.

साहेबांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, श्रुतिकाने तो पाहिला आणि तिला शिसारी आली.

"मॅडम, आपण ऐकलंत. कामगारांनी अंधश्रद्धेपोटी कंपनीच्या आदेशाविरुद्ध भराव केला. कंपनी स्वतःच फसवली गेली आहे. काका, तुमची भक्ती मी समजू शकतो, पण या भक्तीने गावचं पाणी नासवलं हो."

देवाजींची मान खाली गेली. बावीस वर्षं ज्या माणसाने एकही अपघात होऊ दिला नव्हता, तो आपल्याच गावासमोर गुन्हेगारासारखा उभा होता.

मग श्रुतिका ओरडली. सभेत बोलताना आवाज खाली ठेवायचा, हे तिला माहीत होतं. तिने ठेवला नाही.

"भक्ती मोजायचं यंत्र माझ्याजवळ नाही, साहेब. माती मोजायचं आहे! धोंड्यांच्या खाली तुमचा तीन मीटरचा थर असता, तर धोंड्यांतून पाणी आलं असतं तरी झऱ्यात उतरलं नसतं. शेल पुरून वर माती दाबायची होती, ती शेल नुसत्या गवताखाली उघडी टाकली कुणी? माझ्या वडिलांनी? त्यांनी दगड टाकले ते त्यांना देव वाटला म्हणून. तुम्ही माती टाकली नाही ती कशासाठी, ते सांगा ना! डोंगराला भोक पाडा. आत्ता. जिथे हे दाखवतील तिथे. थर निघाला तर चूक आमची."

ठेंगणे मॅडमनी पेनाला टोपण लावलं आणि दाखल्याचा कागद उलटा करून ठेवला. "नमुना काढा," त्या म्हणाल्या. "तोवर गावाला उद्यापासून नदीचं पाणी. कंपनीच्या टँकरने."

*

ड्रिलिंगचं यंत्र पाच दिवसांनी डोंगरावर चढलं. जागा देवाजींनी दाखवली. निंब नव्हता, नाला नव्हता, काहीच नव्हतं, नुसते ओळीने बांबू. तरी ते गवतातून चालत गेले, दोनदा थांबले, डोंगराच्या कडेकडे पाहिलं आणि टाच दाबली. "इथं."

जमिनीतून निघणारा खडकाचा दांडा लाकडी पेट्यांत ओळीने मांडत जातात, म्हणजे खोली डोळ्यांनी वाचता येते. चाळीस मीटरपर्यंत ओबी. मग धोंडा. मग काहीच नाही, रिकामा खण. धोंडा, रिकामा खण. असं करत खाली नाल्याची मूळ पांढरी वाळू लागली, तांबडी पडलेली. चिकणमातीचा थर बोटभरही नव्हता. ठेंगणे मॅडमनी प्रत्येक पेटीचा फोटो काढला आणि कंपनीच्या प्रतिनिधीची सही घेतली. खंडाळकर साहेब आले नव्हते. चौकशी लागली होती. त्यात कंपनीबरोबर देवाजींचं आणि नत्थूंचंही नाव होतं.

आता याच भोकातून सिमेंटचा पातळ गिलावा आत सोडायचा होता, फटी बुजेपर्यंत. पाण्याची वाट एकदाची बंद. पंपाला नळी जोडून झाली, पण पंपवाला खालच्या गावचाच. त्याने बटणावर हात ठेवला आणि तसाच थांबला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तो देवाजींकडे पाहत होता. इंजिनियर म्हणाला, "अरे, चालू कर ना." त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

देवाजींनी चपला काढल्या. भोकाच्या तोंडाशी उभे राहिले. आतून गारवा येत होता, ओल्या दगडांचा वास येत होता. श्रुतिका त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. पाच दिवसांत दोघं कामापुरतंच बोलले होते. तिचा राग गेला नव्हता. आता फक्त त्यातला वडिलांच्या वाटणीचा किती आणि बाकीचा कुणाचा, हे तिला नीट ठाऊक झालं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही नको म्हणत असाल, तर मॅडमना सांगून दुसरीकडून..."

"नाई. दुसरीकडून पुरं बुजत नाई." त्यांनी वाकून ओल्या मातीला हात लावला आणि तो कपाळाला नेला. मग पंपवाल्याकडे वळून म्हणाले, "घाल, बाप्पा. लेकरायचं पाणी आहे. मातामाय समजून घेईन."

पंप धडधडायला लागला. त्या आवाजावर आवाज चढवून, इंजिनियरला, पेट्यांना आणि डोंगराखालच्या कंपनीच्या पांढऱ्या कचेरीला ऐकू जाईल असं ते ओरडले:

"माय घेईन समजून! मी नाई घेत!"